जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते शिखर शोधलं नव्हतं

‘जॉर्ज एव्हरेस्ट यांनी सर्वोच्च शिखर शोधलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं,’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या वह्यांतही सर्रास सापडतं. ते चूक आहे.

एव्हरेस्ट 1843 मध्ये भारताच्या सर्व्हेअर जनरल पदावरून निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. मोजणीच्या यादीत तेव्हा नुसत्या ‘पंधराव्या क्रमांकाचं शिखर’ म्हणून नोंदलेल्या या शिखराची निर्णायक मोजणी त्यानंतरची. कोलकात्याच्या कचेरीत राधानाथ सिकदार यांनी त्या निरीक्षणांवरून किचकट आकडेमोड केली, आणि एव्हरेस्ट यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉ यांनी 1856 मध्ये उंची जाहीर केली: 29,002 फूट. आपल्या गुरूचं नाव शिखराला सुचवलं तेही वॉ यांनीच. एव्हरेस्ट यांनी हरकत घेतली होती, भारतातल्या लोकांना हे नाव उच्चारता येणार नाही म्हणून! खुद्द ते आपलं आडनाव ‘ईव्हरेस्ट’ असं म्हणत. म्हणजे आज सगळं जग ते चुकीचंच उच्चारतं.

त्यांचं खरं काम दक्षिणेपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची त्रिकोणमितीय मोजणी. ती सुरू करणारे विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले, तेव्हा ही जबाबदारी एव्हरेस्ट यांच्याकडे आली.

याच आडनावाची त्यांची पुतणी, मेरी एव्हरेस्ट बूल, मला जास्त जवळची वाटते. पुठ्ठ्याला भोकं पाडून सरळ दोरे ओवायचे, की त्यातून वक्ररेषा उमटते. मुलांना भूमिती अशी हातांनी शिकवण्याचा आग्रह तिने धरला.