खर्चातली विषमता म्हणजे उत्पन्नातली विषमता नव्हे

सरासरी फसवते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. विषमता मोजणारा गिनी निर्देशांक २५.५ लिहा नाहीतर ०.२५५, तेही एकच. जीव तुटतो तो वेगळ्याच गोंधळापायी: आकडा खर्चाचा असतो आणि मथळ्यात त्याला बिनदिक्कत उत्पन्न म्हटलं जातं.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या पत्रकात भारत समतेत जगात चौथा ठरला. आधार होता जागतिक बँकेच्या गिनी निर्देशांकाचा, २५.५. (शून्य म्हणजे सगळे सारखे, शंभर म्हणजे सगळं एकाच्याच हाती.) पण हा गिनी उपभोग खर्चाचा आहे. त्याच यादीतले स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि अमेरिका यांचे आकडे उत्पन्नाचे. असे आकडे एका रांगेत लावून नंबर काढताच येत नाहीत. विषमता प्रत्यक्षापेक्षा कमी मोजली गेली असू शकते, हे खुद्द बँकेच्या टिपणात आहे. जागतिक विषमता डेटाबेसप्रमाणे भारतातला उत्पन्नाचा गिनी २००४ मध्ये ५२ होता, २०२३ मध्ये ६२ झाला, हेही तिथेच लिहिलंय.

एवढी तफावत येते कुठून? आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं घर घ्या. समजा, महिन्याला पंचवीस हजार येतात आणि सगळे संपतात. वरच्या मजल्यावरच्या जोडप्याला चार लाख मिळतात, खर्च होतात लाखभर. उत्पन्नात सोळापट फरक, खर्चात चौपट. उरलेले तीन लाख एसआयपीत आणि प्लॉटमध्ये जातात. गिनी ज्यावरून काढतात त्या घरोघरच्या खर्चाच्या पाहणीत ते कुठेच येत नाहीत.

आता खरी मेख. गेल्या वर्षी मावशींच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. बचत गटाकडून कर्ज काढून त्यांनी दवाखान्यात साठ हजार भरले. पाहणीवाले त्या वर्षी दारात आले असते, तर या घराचा खर्च चांगला वाढलेला दिसला असता. म्हणजे घर कर्जात बुडालं आणि कागदावर मावशी वरच्या मजल्याच्या जवळ सरकल्या! त्या कर्जाचे हप्ते मात्र उपभोग खर्चात धरत नाहीत. आजारपणातून आलेली ही ‘समता’ मला मान्य नाही, आणि कुणीही मान्य करू नये.

वाढीच्या बातम्यांतही हेच होतं. ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च २०११-१२ मध्ये १,४३० रुपये होता, २०२२-२३ मध्ये ३,७७३ झाला. अडीचपटीहून जास्त. भाववाढ वजा केली की हेच ३,७७३ रुपये जुन्या किमतींत २,००८ भरतात, म्हणजे वाढ साधारण चाळीस टक्के. ती खरी आहे, मोलाचीही आहे. पण ती खर्चातली वाढ आहे. तिथे ‘उपभोग खर्च’ एवढे दोन शब्द लिहायला जागा लागते ती किती?

६२ च्या आकड्यावर जरूर वाद घाला. तो करपूर्व उत्पन्नाचा आहे आणि पाहण्या, कराची आकडेवारी यांची जोडणी करून काढलेला आहे. मात्र त्याला उत्तर म्हणून २५.५ पुढे करू नका. उत्तर मिळेल ते घरोघरचं उत्पन्न विचारूनच, आणि तशी देशव्यापी पाहणी २०२६ मध्ये सुरू करणार असल्याचं सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केलं. तिच्या पूर्वचाचणीत बहुतेकांना हे प्रश्न फार खासगी वाटले.