पाय ताणून झाले, आता जोर मुलाला लावू द्या

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा व्यायाम आपल्याकडच्या अनेक घरांत असा चालतो: मूल चटईवर आडवं, आणि आई किंवा आजी त्याचे पाय चोळते, ताणते, दुमडते, सरळ करते. त्यातली माया खरी आणि कष्टही खरे. पण हालचाल आई करते. मुलाच्या मेंदूला पायांना हुकूम द्यावाच लागत नाही, आणि चालायला शिकायचं असतं ते त्याच मेंदूला.

या मुलांच्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच इजा झालेली असते. ती इजा पुढे वाढत नाही, पण स्नायूंवरचा ताबा बिघडतो. पाय ताठ होतात, टाचा टेकत नाहीत, गुडघे एकमेकांवर घासतात. हा ताठरपणा डोळ्यांना दिसतो, म्हणून कित्येक वर्षं सारे उपचार त्याच्याच मागे लागले. ताठ स्नायू मुळात अशक्तही असतो, हे मागेच राहिलं. उलट, मुलाला जोर लावायला लावलं तर ताठरपणा वाढेल, अशी फिजिओथेरपिस्टनाच धास्ती होती.

ती धास्ती मोडायला डायान डॅमियानो यांच्यासारख्या संशोधकांचं काम कारणी लागलं. १९९८ मध्ये त्यांनी आणि मार्क एबल यांनी ११ मुलांकडून सहा आठवडे पायांच्या ताकदीचे व्यायाम करून घेतले. ताकद वाढली, चालण्याचा वेगही वाढला. पुढच्या अभ्यासांतही अशा व्यायामाने ताठरपणा वाढल्याचं दिसलं नाही.

मात्र ताकद आली की चाल आपोआप सुधारते, असंही नाही. नेदरलँड्समध्ये ५१ मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. स्नायू बळकट झाले, पण चालण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. चालणं सुधारायचं तर चालण्याचाच सराव हवा: ट्रेडमिलवर, जमिनीवर, चढावर, पायऱ्यांवर, आणि थोडा दमवणारा.

तोलाची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. आपल्याला धक्का बसला की आधी घोट्याजवळचे स्नायू आवळतात, मग मांडीचे, मग वरचे. हे सारं क्षणार्धात होतं. या मुलांत बऱ्याचदा हा क्रम उलटसुलट होतो, किंवा पुढचे-मागचे स्नायू एकदम आवळून पाय लाकडासारखा होतो. ॲन शमवे-कुक, मार्जोरी वूलाकॉट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सहा मुलांना सरकणाऱ्या फळीवर उभं केलं. फळी अचानक हलायची, मुलाने सावरायचं. दिवसाला १०० वेळा, सलग पाच दिवस. त्यानंतर मुलं लवकर सावरू लागली, आणि महिन्याभराने तपासलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. शाळकरी वयाची मुलं होती ही! मुलं थोडी आणि प्रयोग लहान, हे खरं. तरीही सावरण्याची ही झटपट क्रियासुद्धा सरावाने घडवता येते, हे कळणं मोठं आहे.

अशी फळी घरी नसते आणि तिची नक्कलही करू नये. भिंतीजवळ, कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं राहून, एका पायावर थांबणं, वाकून चेंडू उचलणं, उशीवर उभं राहून झेल घेणं यांतून सुरुवात होते. आपल्या मुलाला यातलं काय झेपेल, हे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावं.

हे सगळं मुख्यतः स्वतःहून किंवा वॉकर, काठीच्या आधाराने चालणाऱ्या मुलांसाठी आहे. ज्यांचा आजार अधिक तीव्र आहे, त्यांची उद्दिष्टं वेगळी असतात. स्प्लिंट, औषधं, शस्त्रक्रिया यांची जागाही व्यायाम घेत नाही. शिवाय या मुलांना तेवढंच अंतर चालायला इतरांच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जा लागू शकते. मूल मध्येच बसलं तर तो आळस समजू नये, दम खाऊ द्यावा. दुखत असेल तर थांबून डॉक्टरांना दाखवावं, विशेषतः खुबा दुखत असेल तर.

पुढच्या भेटीत थेरपिस्टला नेमकं काम सांगा: शाळेच्या पायऱ्या कठड्याला न धरता चढायच्या आहेत, किंवा मधल्या सुट्टीत मैदानापर्यंत जायचं आहे. आणि ते काम मुलालाच निवडू द्या.