कुंपणाबाहेरून टिपलेले विमान

उड्डाण घेणाऱ्या एटीआर ७२ या पंख्याच्या प्रवासी विमानाचे दोन फोटो शेजारी ठेवून पाहावेत. एक शटर १/२००० सेकंद उघडून काढलेला, दुसरा १/१२५ ला. पहिल्यात पंख्याची सहाही पाती मोजता येतात आणि विमान दोरीने टांगल्यासारखे दिसते. दुसऱ्यात पंख्याचे तबक झालेले असते आणि विमान खरोखर निघालेले वाटते. नवा कॅमेरा हाती आला की बहुतेकांचे पहिले फोटो पहिल्या जातीचे निघतात. जुन्या स्लाइडवर, म्हणजे चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फिल्मच्या तुकड्यावर, मात्र ही चूक क्वचितच सापडते. जुनी माणसे कसबी होतीच, पण तेवढा वेगवान शटर वापरायची मुभा त्यांना फिल्मने दिलेली नव्हती. ऊन पाठीशी घ्यावे, विमान आडवे टिपावे, लांब लेन्स लावावी, नोंदणी क्रमांक वाचता यावा, हे आजचे सगळे संकेत असेच फिल्म, अपघात आणि कायदा यांच्या रेट्यातून आले आहेत.

विमानांचा पहिला मोठा मेळा फ्रान्समध्ये रॅन्स येथे २२ ते २९ ऑगस्ट १९०९ या काळात भरला. तेव्हाच्या पत्रकारांच्या काचपट्टीच्या कॅमेऱ्यांत कापडी पडद्याची फट काचेवरून सरकत जाई. फट सरकेपर्यंत वेगाने जाणारी वस्तू पुढे गेलेली असे, म्हणून त्या काळच्या काही फोटोंत मोटारींची चाके लंबगोल आणि तिरकी दिसतात. हा दोष लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण शंभर वर्षांनी तो नव्या वेषात परत आला.

विमानांच्या नोंदी ठेवण्याचा छंद दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रुजला. आकाशावर नजर ठेवणाऱ्या ऑब्झर्व्हर कोअरच्या स्वयंसेवकांना नुसत्या काळ्या छायाकृतीवरून आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे ओळखावे लागे. युद्ध संपले तरी ओळखायची सवय सुटली नाही. तीच माणसे आणि त्यांची मुले विमानतळाच्या कुंपणापाशी वही घेऊन नोंदणी क्रमांक उतरवू लागली. विमान ‘कोणत्या जातीचे’ यापेक्षा ‘नेमके कोणते’ हा प्रश्न मोठा झाला. शेपटीकडचा क्रमांक वाचता आलाच पाहिजे हा आग्रह त्या वहीतून कॅमेऱ्यात आला.

कॅमेऱ्यात तेव्हा कोडाक्रोम असे. ३५ मिलिमीटरच्या स्लाइडसाठी ही फिल्म १९३६ मध्ये आली आणि कोडाक्रोम ६४ ही १९७४ मध्ये. उजेड टिपण्याचा वेग आयएसओ ६४, म्हणजे मंदच. स्वच्छ उन्हात लेन्सचे छिद्र एफ ८ ला (आकडा मोठा तितके छिद्र लहान) ठेवून १/२५० किंवा एफ ५.६ ला १/५००, एवढीच चैन. ढग आला की दोन स्टॉप गेलेच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे १/६० किंवा १/१२५ वर विमानाबरोबर कॅमेरा फिरवत राहणे भाग. त्यात स्लाइडला चूक चालत नाही. अर्धा स्टॉप जास्त उजेड पडला तरी पांढऱ्या रंगाच्या विमानाच्या पाठीवरचा तपशील जातो आणि तो परत येत नाही. एका रोलमध्ये ३६ फोटो, निकाल कित्येक दिवसांनी. म्हणून लोक ऊन पाठीशी घेऊन, विमान नेमके समोर आडवे आल्यावर, एकदाच बटण दाबत. आपोआप फोकस साधणारे कॅमेरे सर्रास झाले ते १९८५ च्या मिनोल्टा ७००० नंतर. त्याआधी धावपट्टीवरच्या एखाद्या खुणेवर फोकस बांधून ठेवायचा आणि विमान तिथे पोहोचले की टिपायचे, ही रीत होती. मंद भिंगांवर आणि धूसर उजेडात ती आजही उपयोगी पडते.

पंख्याचा हिशेब इथे मांडून टाकू, कारण तो कळला की आकडे पाठ करावे लागत नाहीत. एटीआरचा पंखा उड्डाणाच्या वेळी मिनिटाला १२०० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला २०. १/१००० सेकंदात पाते जेमतेम ७ अंश सरकते, म्हणून गोठलेले दिसते. १/२५० ला ते २९ अंश सरकते. १/१२५ ला सुमारे ५८ अंश. सहा पात्यांमध्ये अंतर ६० अंशांचे, म्हणजे तबक जवळजवळ पूर्ण. कोडाक्रोमवाल्यांना १/२५० आपोआपच मिळत होता, आपल्याला तो निवडावा लागतो. हेलिकॉप्टरचे मुख्य पंखे याहून बरेच सावकाश फिरतात, सर्वसाधारणपणे मिनिटाला ३०० च्या आसपास. तिथे १/६० ला पाते ३० अंशच सरकते आणि हात स्थिर ठेवण्याची कसोटी लागते. दहा फोटोंतला एक धारदार आला तरी पुष्कळ.

लांब लेन्सची कथा दुःखद आहे. ६ सप्टेंबर १९५२ रोजी फार्नबरोच्या प्रदर्शनात डीएच ११० हे विमान हवेत फुटले, इंजिने गर्दीत कोसळली आणि विमानातल्या दोघांसह ३१ जण गेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये नियम कडक झाले. जेट विमान सरळ जात असेल तर प्रेक्षकांपासून किमान २३० यार्ड, म्हणजे सुमारे २१० मीटर, आणि कसरत करत असेल तर ४५० यार्ड, म्हणजे सुमारे ४१० मीटर दूर राहील असे ठरले. २८ ऑगस्ट १९८८ रोजी जर्मनीत रामस्टाइन येथे इटलीच्या पथकाची विमाने एकमेकांवर आदळली, एक विमान प्रेक्षकांत आले आणि ७० जण मृत्युमुखी पडले. गर्दीच्या दिशेने येणाऱ्या कसरतींना त्यानंतर युरोपात जवळपास बंदीच आली. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? ४१० मीटरवर ३६ मिलिमीटर रुंदीच्या फ्रेममध्ये १३५ मिलिमीटरची लेन्स सुमारे १०९ मीटर रुंदीचे आकाश दाखवते. त्यात १२ मीटरचे हॉक विमान म्हणजे माशी. ४०० मिलिमीटरला रुंदी ३७ मीटरवर येते आणि विमान फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापते. दीडपट क्रॉपच्या, म्हणजे रुंदीला दीडपटीने लहान असलेल्या सेन्सरवर तेच विमान जवळपास निम्मी फ्रेम भरते. हवाई कसरतींसाठी १००-४०० ची लेन्स घ्या असे जो तो सांगतो, त्यामागे हे गणित आहे.

कॅननची १००-४०० स्थिरीकरणासह, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीसह, १९९८ मध्ये आली. तिच्यावर स्थिरीकरणाचे दोन प्रकार होते. पहिला सगळ्या दिशांचे हलणे रोखतो, दुसरा फक्त फिरवण्याच्या दिशेशी काटकोनातले, म्हणजे आडवे फिरवताना उभे हलणे. आडव्या जाणाऱ्या विमानाबरोबर कॅमेरा फिरवताना पहिला प्रकार चालू राहिला तर लेन्स तुमच्या हाताशीच झगडते आणि फोटो हलतो. फोटो का हलला हे न कळणाऱ्यांनी आधी ते बटण पाहावे.

आपल्याकडे बेंगळुरूच्या येलहंका तळावर एअरो इंडिया १९९६ पासून भरते. हवाई दलाचे सूर्यकिरण पथकही त्याच वर्षी उभे राहिले, आधी किरण विमानांवर आणि आता हॉकवर. मुंबईकरांना जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर सूर्यकिरण आणि हेलिकॉप्टरांचे सारंग अशी दोन्ही पथके पाहायला मिळाली. मरीन ड्राइव्हची अडचण उजेडाची आहे. तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारी तीननंतर विमान सूर्यासमोर येते आणि काळी आकृती उरते. अशा वेळी उजेड दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावा, नाहीतर काळी आकृतीच हवी असे ठरवून आकाशाच्या रंगावर भर द्यावा. अर्धवट उजळलेली राखाडी विमाने कोणाच्याच कामाची नसतात.

डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचा खर्च काढून टाकला. निकॉनचा डी१ १९९९ मध्ये २.७ मेगापिक्सेलचा आला, पण तो फक्त वृत्तपत्रांच्याच खिशाला परवडणारा होता. छंदवाल्यांसाठी दार उघडले २००३ मध्ये, कॅननच्या ईओएस ३००डी ने: ६.३ मेगापिक्सेल, हजार डॉलरच्या आत. सेकंदाला अडीच फोटो, आणि चार काढले की कॅमेरा अडकून बसे. धावपट्टीला चाके टेकण्याआधीच ते चार संपले तर धुराचा क्षण हुकलाच. म्हणून स्लाइडच्या काळातली वाट पाहण्याची शिस्त त्या पिढीला पुन्हा लागली.

नवीन दुखणे होते सेन्सरवरच्या धुळीचे. स्लाइडला प्रत्येक वेळी कोरी फिल्म मिळे, सेन्सर तोच राहतो. विमानाच्या मागे मोकळे निळे आकाश असते आणि एफ ११ च्या पुढे धुळीचा प्रत्येक कण त्यावर डागासारखा उमटतो. निघण्याआधी एफ १६ ला कोऱ्या आकाशाचा, फोकस मुद्दाम बिघडवलेला फोटो काढावा, डाग दिसले तर कॅमेरा पालथा धरून रबरी फुंकणीने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा वाईट.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांबरोबर १९०९ चा दोष परतला. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतो. ज्या कॅमेऱ्याला यासाठी १/२० सेकंद लागतो, त्यात एटीआरचा पंखा तेवढ्यात एक अख्खी फेरी मारतो. फोटोत केळ्यासारखी वाकलेली, काही तर हवेत सुटी तरंगणारी पाती येतात आणि ती नंतर दुरुस्त होत नाहीत. पंख्याच्या विमानांसाठी यांत्रिक शटर लावणे हा साधा उपाय. सोनीच्या ए९ ने २०१७ मध्ये वाचन वेगवान केले, आणि संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचणारा ए९ थ्री २०२३ मध्ये जाहीर झाला.

कुंपणाची दुसरी बाजू कायद्याची. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमध्ये कालामाता येथे हवाई तळाच्या खुल्या दिवसाला गेलेले ब्रिटिश आणि डच असे १४ छंदवाले हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले, त्यांना शिक्षाही झाली आणि वर्षभराने अपिलात ते सुटले. भारतात विमान नियम १९३७ च्या तेराव्या नियमाने विमानतळावरच्या आणि उडत्या विमानातून केलेल्या छायाचित्रणाला लेखी परवानगीची अट घातली. नियमित सेवेच्या प्रवाशांना पुढे विमानातून फोटो काढायची सूट मिळाली, पण संरक्षण दलांच्या तळांवर उभे असताना, उतरताना आणि उडताना नाही. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाभोळी नौदलाचे आहे, हे खिडकीशी बसणाऱ्याने विसरू नये.

मुंबईत मुख्य धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. हिवाळ्यात दिवसभर ऊन दक्षिणेकडून येते, त्यामुळे दक्षिणेकडची जागा धरावी. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र दुपारचा सूर्यही मुंबईच्या डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ विमानाची उत्तर बाजू उजळते. दुपारी तापलेल्या धावपट्टीवरची हवा थरथरते. फोकस चुकला असे वाटते, प्रत्यक्षात हवाच भिंग झालेली असते. यावर कोणतीही महाग लेन्स उपाय नाही, सकाळी लवकर जावे किंवा जवळ जावे. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर काचेवर दव धरते, म्हणून बंद बॅग अर्धा तास तशीच ठेवावी. घरी लेन्स हवाबंद डब्यात, आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील अशा बेताने, सिलिका जेलसह ठेवावी. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. कोकणपट्टीत हे टाळले तर लेन्समध्ये बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे चढतात.

तीच बुरशी जुन्या स्लाइडही खाते, आणि त्यात काय आहे हे पाहिले की घाई कळते. एअर इंडियाचे पहिले ७४७, ‘सम्राट अशोक’, नोंदणी व्हीटी-ईबीडी, एप्रिल १९७१ मध्ये मुंबईत आले. खिडक्यांभोवती लाल झरोक्यांच्या कमानी रंगवलेले ते विमान १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ जण गेले. जेमतेम सात वर्षे, तेवढ्याच काळात कोणी टिपले असेल तर टिपले. कंपनीच्या ताफ्यातल्या व्हीटी-ईव्हीए या ७४७ ने २२ एप्रिल २०२४ रोजी पंख हलवून मुंबई सोडली, तेव्हा कित्येक कॅमेरे रोखलेले होते.

स्लाइड डिजिटल करताना स्कॅनरवर विसंबू नये. अवरक्त किरणांनी धूळ पुसणारी स्कॅनरची सोय कोडाक्रोमवर फसते. ही फिल्म ते किरण नीट आरपार जाऊ देत नाही आणि यंत्र विमानाच्या कडांनाच धूळ समजून खाऊन टाकते. त्यापेक्षा सपाट, एकसारख्या पांढऱ्या उजेडावर स्लाइड ठेवून मॅक्रो लेन्सने, एफ ८ ला, कॅमेरा स्टँडवर बांधून रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला, फोटो घ्यावा आणि रंगातली निळसर झाक नंतर काढावी. पुठ्ठ्याची चौकट फेकू नये. तिच्यावर धुलाईचा महिना-वर्ष छापलेले असते आणि पुष्कळदा पेन्सिलने नोंदणी क्रमांकही लिहिलेला असतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंचा वेगळा फोटो काढून त्याच क्रमांकाच्या फाइलला जोडून ठेवावा.