तलंगांचा निवारा व प्राणिकल्याण

तलंग म्हणजे अंड्यांवर न आलेली, वाढत्या वयाची कोंबडी. व्यापारी कुक्कुटपालनात एक दिवसाच्या पिल्लापासून साधारण १६ ते २० आठवडे वयापर्यंतचा काळ तलंगपालनाचा मानतात. भारतात त्याचे पिल्लावस्था (८ आठवड्यांपर्यंत) आणि वाढीची अवस्था (त्यानंतर अंडी सुरू होईपर्यंत) असे दोन भाग करतात. या काळात पक्षी उत्पन्न देत नाही, केवळ खातो. त्यामुळे त्याच्या निवाऱ्याचा विचार बहुधा खाद्य, लसीकरण आणि वजन यांपुरताच होत आला. पिसे टोचणे, भित्रेपणा, छातीचे हाड मोडणे, जमिनीवर अंडी घालणे हे दोष अंड्यावरच्या कोंबडीत दिसतात. पण त्यांतील बऱ्याच दोषांची सुरुवात पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांत होते, असे विसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे संशोधन सांगते.

पूर्वपीठिका : खुडूक कोंबडीखाली उबलेली पिल्ले पहिले चार ते सहा आठवडे आईच्या पंखांखाली ऊब घेतात, तिच्यामागून उकरायला व टोचायला शिकतात. कृत्रिम उबवणी आल्यावर आईची जागा ब्रूडरने, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाने, घेतली. तरीही पिल्लांना उन्हात सोडावेच लागे, कारण बंद जागेत वाढवलेल्या पिल्लांचे पाय लुळे पडत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, हाल्पिन व स्टीनबॉक यांनी १९२० च्या दशकात या विकाराचा संबंध आज ड जीवनसत्त्व म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घटकाशी आणि सूर्यप्रकाशाशी जोडला. कॉड माशाच्या यकृताचे तेल खाद्यात घातले की पिल्ले बाहेर न काढताही वाढू लागली. पिंजरा नेमका प्रथम कोणी वापरला याविषयी एकमत नाही. काही लेखक १९१० च्या सुमारास विस्कॉन्सिन येथेच झालेल्या प्रयोगांकडे बोट दाखवतात, तर काही १९३० च्या आसपासच्या व्यापारी उत्पादकांना श्रेय देतात. पिल्लांसाठी एकावर एक रचलेले जाळीचे खण १९३० च्या सुमारास अमेरिकेत बऱ्यापैकी रूढ झाले होते एवढे मात्र मानता येते. ड जीवनसत्त्वाचा शोध नसता तर हा बदल इतक्या झपाट्याने झाला नसता, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

निवाऱ्याचे प्रकार : तलंगा गादी पद्धतीत (जमिनीवर पसरलेल्या भुसा, तूस अशा थरावर), पिंजऱ्यात किंवा एव्हिअरीत, म्हणजे बहुमजली मोकळ्या पक्षिगृहात, वाढवतात. गादीसाठी महाराष्ट्रात भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफले वापरतात. पिंजरा पद्धतीत विष्ठा जाळीतून खाली पडते, त्यामुळे रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) व जंत यांचा त्रास कमी होतो. हा तिचा खरा फायदा आहे आणि तो नाकारून चालत नाही. ओल्या गादीवर रक्ती हगवण झपाट्याने पसरते, आणि पावसाळ्यात कोकणासारख्या दमट भागात गादी कोरडी ठेवणे हे मोठे कष्टाचे काम असते.

पिसे टोचणे : एका पक्ष्याने दुसऱ्याची पिसे टोचणे व उपटणे हा भांडणाचा प्रकार नाही, पक्ष्यांच्या उतरंडीतील, म्हणजे कळपातील श्रेष्ठ-कनिष्ठ क्रमासाठीच्या, टोचाटोचीपासून तो वेगळा आहे. हलके टोचणे पहिल्या आठवड्यापासूनच दिसते, जोराने उपटणे पुढे येते, आणि उघड्या पडलेल्या कातडीतून रक्त आले की स्वजातिभक्षण, म्हणजे सोबतिणीला टोचून खाणे, सुरू होते. त्याच्या उगमाबद्दल मुख्यतः तीन मते आहेत.

पहिले मत हॅरी ब्लोकहाउस यांनी नेदर्लंड्समध्ये १९८६ मध्ये मांडले. रानकोंबडी दिवसातील निम्म्याहून अधिक सक्रिय वेळ जमीन टोचण्यात घालवते. पाळीव पिल्लातही ही प्रवृत्ती शाबूत आहे. टोचण्याजोगी जमीन मिळाली नाही की तीच टोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. दुसरे मत डेन्मार्कचे व्हेस्टरगोर यांचे. त्यांच्या मते मूळ धूळस्नानात आहे : धूळ, वाळू न मिळालेले पिल्लू पिसांनाच धूळ समजू लागते. या मताला आधार म्हणून डेन्मार्कमधील १९९८ चा प्रयोग सांगितला जातो. त्यात पहिले चार आठवडे जाळीवर वाढवलेल्या पक्ष्यांत पुढे पिसे टोचणे व स्वजातिभक्षण वाळू-पेंढ्यावर वाढलेल्यांपेक्षा जास्त आढळले. परंतु जाळीवर उकरण्याची आणि धूळस्नानाची अशा दोन्ही सोयी नसतात, म्हणून या प्रयोगातून दोन मतांचा निवाडा होत नाही.

हा निवाडा करण्याचा प्रयत्न स्वित्झर्लंडमध्ये ह्यूबर-आयशर व वेक्सलर यांनी केला. १९९७ मधील त्यांच्या निरीक्षणांत वाळूची, म्हणजे धूळस्नानाची, सोय असूनही पिसे टोचणे थांबले नाही. पेंढ्यात उकरायची सोय झाल्यावर मात्र ते घटले. १९९८ मध्ये त्यांनी दाखवले की लांब काड्यांचा पेंढा बारीक कापलेल्या पेंढ्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतो, कारण लांब काडी पिल्लाला जास्त वेळ गुंतवून ठेवते. तिसरे मत रीडस्ट्रा व ग्रोटहाउस यांचे (२००२) : लहान वयातील हलके टोचणे ही सोबत्यांची ओळख करून घेण्याची रीत आहे. सुरुवातीच्या हलक्या टोचण्यापुरते हे पटते, पण जोराने पिसे उपटण्याचा उलगडा त्यातून होत नाही. जातीनुसार प्रमाण बदलते, त्यामुळे आनुवंशिकतेचा वाटाही मान्य करावा लागतो. व्यवहारात मात्र ब्लोकहाउस यांच्या मताला धरून केलेला उपाय, पहिल्या दिवसापासून उकरण्याजोगी कोरडी गादी देणे, सर्वांत विश्वासार्ह ठरला आहे.

ब्रूडरखाली अंधार असावा की उजेड, हा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. दिव्याच्या उजेडात काही पिल्ले झोपलेली आणि काही जागी असतात, तेव्हा जागी पिल्ले झोपलेल्यांना टोचतात. चारी बाजूंनी झालर लावलेला अंधारा ब्रूडर पंखांखालच्या जागेचे काम करतो; अशा ब्रूडरने पिसे टोचणे कमी होते हे डेन्मार्कमधील व ब्रिटनमधील अभ्यासांत दिसून आले.

चोच कापणे हा जुना आणि बऱ्याच ठिकाणी चालणारा उपाय. तापलेल्या पात्याने किंवा अवरक्त किरणांनी चोचीचे टोक काढतात. चोचीच्या टोकाला मज्जातंतू असतात, त्यामुळे ही इजाच आहे, आणि टोचण्याची ओढ तिने कमी होत नाही, फक्त जखम लहान होते. जर्मनीतील अंडी उद्योगाने २०१७ पासून चोच कापलेल्या तलंगा अंड्यांच्या पक्षिगृहात न घेण्याचे ठरवले. तेव्हापासून तेथे तलंगपालनातील गादीकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले.

दांड्या, हाडे व दिशाभान : पिल्ले साधारण दुसऱ्या आठवड्यात उंचावर चढू पाहतात. स्वीडनमधील गुनारसन व सहकाऱ्यांनी व्यापारी कळपांची पाहणी करून १९९९ मध्ये दाखवले की चौथ्या आठवड्याच्या आत बसण्यासाठी उंच आडव्या दांड्या मिळालेल्या कळपांत पुढे जमिनीवर घातलेली अंडी व गुदद्वाराशी टोचून होणारे मृत्यू कमी होते. त्यांच्याच पुढच्या वर्षीच्या प्रयोगात आठ आठवड्यांपर्यंत दांड्यांविना वाढवलेल्या तलंगांना उंच फळीवरचे खाद्य गाठणे जड गेले. फळी जितकी उंच, तितका फरक जास्त. त्यांच्या पायांत बळ नव्हते असे नाही, उंची व अंतर यांचा मेळ घालणे त्या शिकल्या नव्हत्या, असा निष्कर्ष लेखकांनी काढला.

हाडांबाबत कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे २०१७ मधील काम महत्त्वाचे आहे. केसी-ट्रॉट, विडोस्की व सहकारी यांना एव्हिअरीत वाढलेल्या तलंगांची हाडे पिंजऱ्यातील तलंगांच्या हाडांपेक्षा सरस आढळली, आणि पुढे अंड्यांच्या काळात छातीच्या हाडाच्या उभ्या कडेचे, म्हणजे कीलचे, मोडणेही त्यांच्यात कमी होते. अंडी सुरू झाल्यावर कोंबडी कवचासाठी हाडांतील कॅल्शियम वापरू लागते. तेव्हा हाड घडवण्याचा काळ तलंगपणीचाच.

यातून निघणारा नियम असा की पक्ष्याला जेथे अंडी द्यायची आहेत, त्या प्रकारच्या निवाऱ्यातच तो वाढावा. पिंजऱ्यात वाढलेल्या तलंगा एकदम मोकळ्या पक्षिगृहात सोडल्यास त्यांतील काही दाणापाण्यापर्यंत पोचतच नाहीत.

ऊब, उजेड, हवा : पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली सुमारे ३५° से. तापमान ठेवतात व दर आठवड्याला साधारण ३° ने उतरवतात. तापमापकापेक्षा पिल्लांची बसण्याची रीत अधिक बोलकी असते : दिव्याखाली एकावर एक चढत असतील तर थंडी, चिक गार्डच्या (पिल्लांभोवतीच्या गोल आडोशाच्या) कडेला पांगून चोची उघड्या ठेवत असतील तर उष्मा. हिवाळ्यात गोणपाटाचे पडदे पूर्ण ओढले की अमोनिया साठतो. हवेतील त्याचे प्रमाण २५ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत २५ भागांच्या) वर जाऊ नये असे मानतात.

वाढत्या वयात दिवस, म्हणजे उजेडाचे तास, लांबवू नये, हा सर्वमान्य नियम आहे. पुण्याच्या अक्षांशावर दिवस सुमारे ११ ते १३ तासांचा असतो. उघड्या बाजूंच्या पक्षिगृहात हिवाळ्याच्या अखेरीस आणलेली पिल्ले वाढत्या दिवसांत मोठी होतात व शरीर पुरते भरण्याआधी अंड्यांवर येऊ शकतात. अशा तलंगेचे अंग अंडी घालताना बाहेर येण्याचा धोका असतो, आणि ते दिसताच इतर पक्षी टोचू लागतात.

परसातील पालन : महाराष्ट्र शासनाच्या योजनेत २५ तलंगा व ३ नर असा गट अनुदानावर दिला जातो. संगोपन केंद्राच्या गादीवर वाढलेल्या या पक्ष्यांना गावात उंचावर बसणे, घारीपासून व मुंगसापासून लपणे, डालग्याकडे परतणे हे सारे नव्याने शिकावे लागते. केंद्रातच दांड्या देणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे आणि तो व्हायला हवा.

कायदे : युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशाने साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले व सुधारित पिंजऱ्यात प्रत्येक कोंबडीस ७५० चौ. सेंमी. जागा ठरवली. पण त्यातील व्याख्या अंडी देण्याच्या वयास पोचलेल्या कोंबडीची आहे. तलंगा तिच्या बाहेर राहिल्या. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२३ च्या वैज्ञानिक अभिप्रायात मात्र त्यांचाही विचार झाला. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार हालचालीस वाव न देणाऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे गुन्हा आहे. विधि आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात अंड्यांवरच्या व मांसाच्या कोंबड्यांच्या निवाऱ्यासाठी नियम सुचवले, आणि २०१९ च्या शासकीय मसुद्यात अंड्यावरच्या प्रत्येक कोंबडीस किमान ५५० चौ. सेंमी. जागा प्रस्तावित झाली.