सामाईक फिल्टर (मत्स्यटाक्यांचा)

अनेक मत्स्यटाक्यांचे पाणी एकाच ठिकाणी शुद्ध करून पुन्हा त्याच टाक्यांत खेळवण्याच्या व्यवस्थेला सामाईक फिल्टर म्हणतात. शोभिवंत माशांची दुकाने आणि पैदास केंद्रे यांत ती रूढ आहे. झेब्राफिशवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत तर रॅकवरच्या शेकडो लहान टाक्या एकाच यंत्रणेवर चालतात.

रॅकच्या तळाशी ‘संप’ नावाची टाकी असते. वरच्या प्रत्येक टाकीतले जास्तीचे पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून आपसूक संपात उतरते, तेथे स्पंज व बायोमीडिया (जिवाणूंना वाढायला जागा देणारे सच्छिद्र तुकडे) यांतून जाते आणि पंप ते परत वर चढवतो. बायोमीडियावर वाढणारे जिवाणू माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत नव्याने जमायला सहसा ४ ते ६ आठवडे लागतात. चालू यंत्रणेला जोडलेल्या टाकीला ती पहिल्या दिवसापासून मिळते, आणि या पद्धतीचा खरा फायदा हाच आहे.

संपात रिकामी जागा किती ठेवायची, याचा हिशेब मात्र अनेकदा राहून जातो. वीज गेली की पंप थांबतो, पण टाक्यांतले पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत उतरतच राहते. ६० सेंमी लांब व ३० सेंमी रुंद अशा पाच टाक्यांची पातळी प्रत्येकी ३ सेंमी उतरली, तरी २७ लिटर पाणी खाली येते. परतीच्या नळीचे तोंड पाण्यात खोल बुडालेले असेल, तर तिच्यातूनही सायफन लागून पाणी उलटे वाहते. म्हणून तिला पाण्याच्या पृष्ठभागालगत एक बारीक भोक पाडतात; पातळी थोडी उतरताच त्यातून हवा शिरून सायफन तुटतो. त्या भोकात शेवाळ अडकले, की सकाळी जमिनीवर तळे साचलेले असते.

जोडलेल्या टाक्या दिसायला वेगळ्या असल्या तरी पाणी एकच असते, त्यामुळे २८ अंश सेल्सिअसच्या वर रमणारा डिस्कस आणि थंड पाणी मानवणारा गोल्डफिश एका यंत्रणेवर ठेवता येत नाहीत. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे परजीवी एका टाकीतून सर्वत्र पोहोचतात. पाणी संपातून परतताना अतिनील दिव्याखालून नेल्यास हा प्रसार कमी होतो, पण पूर्ण थांबत नाही. औषधही असेच पसरते: एका टाकीत घातलेले तांबेयुक्त औषध दुसरीतील कोळंबी मारू शकते. म्हणून नव्या व आजारी माशांची टाकी स्वतंत्र फिल्टरवर ठेवतात आणि तिची जाळीसुद्धा इतरत्र वापरत नाहीत.