तुळईवरचा चिकटा: हवेतल्या सेंद्रिय कणांच्या मोजणीची पार्श्वभूमी

डिसेंबरच्या पहाटे शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून फिरलं, की बंबांचा धूर कौलांच्या वर न जाता गल्लीतच रेंगाळताना दिसतो. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची त्यापेक्षा ऊबदार राहते, आणि धुराला वर जायला वाटच उरत नाही. याच दिवसांत ऊसपट्ट्यात गाळप जोरात असतं, फडातलं पाचट पेटवलं जातं, आणि दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर काळे पापुद्रे येऊन बसतात. लोकांची तक्रार असते ती या पापुद्र्यांची. पण ते जड असतात, झटकले की जातात. छातीत खोल उतरणारे कण डोळ्यांना दिसतच नाहीत.

ते कशाचे असतात याची ओळख मला आजीच्या स्वयंपाकघरात झाली. दिवाळीआधी तुळया पुसायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. चुलीच्या नेमकं वर कोरडी, काळी काजळी. फडकं लावलं की उतरायची. चार हात लांबच्या वाशांवर मात्र काकवीसारखा तपकिरी थर असे. तो सोड्याच्या कढत पाण्याशिवाय निघत नसे, आणि बोटांना दिवसभर वास येई. काजळी म्हणजे जवळपास नुसता कार्बन. हा चिकटा म्हणजे लाकडातून पुरती न जळता निसटलेली शेकडो कार्बनी संयुगं, गार होऊन बसलेली. हवेत तरंगतात तेव्हा तेच सेंद्रिय कण. (सेंद्रिय गुळातल्या ‘सेंद्रिय’शी याचा संबंध नाही.)

धुराच्या या भागाचा धोका माणसाला मोजणीच्या कितीतरी आधी कळला होता. 1775 मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. काजळीतलं नेमकं काय, हे कळायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. 1933 मध्ये लंडनच्याच संशोधकांनी कोळशापासूनचं दोन टन डांबर गाळून त्यातून बेन्झो-ए-पायरीन हे कर्करोग घडवणारं संयुग वेगळं काढलं.

शहराच्या हवेचं मोजमाप मात्र बराच काळ रंगावरच चाललं. पांढऱ्या कागदातून हवा ओढायची, कागद किती काळवंडला ते पाहायचं. 5 ते 9 डिसेंबर 1952 दरम्यान लंडनवर धुरकं बसलं आणि हजारो माणसं गेली, तेव्हाही मुख्य साधन हेच होतं. काळं नसलेलं त्या कागदाला जवळपास दिसतच नव्हतं. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये एरी हागन-स्मिट या रसायनतज्ज्ञाने धुरक्याची हवा गोठवून तिच्यातून तपकिरी, दुर्गंधी थेंब मिळवले. याआधी ते अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या वाफांवर ऊन पडलं की हवेतच नवी द्रव्यं तयार होतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे काही सेंद्रिय कण कुठल्याच धुराड्यातून बाहेर पडत नाहीत. ते वाटेत जन्मतात.

आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरची मोजणी 1984 च्या सुमारास सुरू झाली, तीही एकूण धुळीच्या वजनाने. 18 नोव्हेंबर 2009 च्या मानकांत पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण, आलं: वर्षाची सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, दिवसाची 60. त्याच यादीत बेन्झो-ए-पायरीनलाही जागा मिळाली, मर्यादा 1 नॅनोग्रॅम. त्या यादीतली मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच ओळ, कारण तिने कणाच्या वजनापलीकडे जाऊन पोटात काय आहे ते विचारलं.

कणाचा पत्ता काढायची विद्या 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजली. लाकूड, पाचट, कुठलाही काष्ठमय पाला जळला की सेल्युलोज तुटून लेव्होग्लुकोसान नावाची साखर बनते. डिझेलच्या धुरात ती नसते. इंजिनाच्या वंगणातून आणि कोळशातून होपेन नावाची संयुगं येतात, मांस भाजताना कोलेस्टेरॉल. गाळणीवरचे कण द्रावकात उतरवायचे आणि या खुणा शोधायच्या. काम अचूक, पण एका नमुन्यात अख्खा दिवस मिसळून जायचा. 2000 च्या सुमारास एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर आला. तो कण निर्वातात ओढून सुमारे 600 अंशांच्या तप्त पृष्ठभागावर आदळवतो, उडालेल्या वाफेचे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने तुकडे करतो आणि त्यांची वजनं मिनिटामिनिटाला टिपतो. 60 वजनाचा, म्हणजे लेव्होग्लुकोसानसारख्या साखरेचा, तुकडा वाढला, की कुठेतरी लाकूडपाला जळतोय. 44 चा वाढला, की जुना, हवेत मुरलेला धूर.

2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला. हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत उत्तरेला कोल्हापूर आणि सांगली, दक्षिणेला हुबळी-धारवाड. मधलं बेळगाव नाही. आणि इथे धुराचा विषय निघाला, की बोट लगेच उद्यमबागच्या फाउंड्र्यांकडे नाहीतर पुणे-बेंगळुरू हायवेवरच्या ट्रककडे जातं. त्यांचा वाटा असणारच. पण बंब, चूल, बेकरीची भट्टी, गुऱ्हाळाचं चुलवाण आणि उसाचा फड हे सगळे लेव्होग्लुकोसानच सोडतात, नुसत्या वजनात ते वेगळे दिसत नाहीत. त्यांची फोड करायची तर तासागणिक नोंद हवी: पहाटे पाच ते आठ बंबांची वेळ, फड पेटतो तो बहुतेक दुपारनंतर. खानापूरकडून आणि निपाणीकडून आलेला वारा वेगळा मांडायला हवा, आणि गाळप हंगामाच्या आधीचे, मधले आणि नंतरचे निदान काही आठवडे तरी.