नरम पॅडल आणि एक घनसेंटिमीटर हवा

‘पहिल्या दाबाला पॅडल खाली जातं, पण दोनदा पंप मारला की ब्रेक लागतो.’ पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीचे मालक हे गाडीची खोड सांगावी तसं सांगतात. ही खोड नाही, बिघाड आहे. समोर कोणी अचानक आडवं आलं तर दुसऱ्यांदा पाय मारायला वेळच मिळत नाही.

पास्कलचा नियम शाळेत शिकलो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. ब्रेक त्यावरच चालतात, पण त्यासाठी नळ्यांमध्ये फक्त द्रव असायला हवा. हवा शिरली की काय होतं, ते आकड्यांत पाहू. जोरात ब्रेक दाबल्यावर नळ्यांत वातावरणाच्या साधारण 40 पट दाब तयार होतो, असं धरा. तेवढ्या दाबाखाली एक घनसेंटिमीटर द्रव जेमतेम 0.002 घनसेंटिमीटर आकसतो. हवा मात्र बॉइलच्या नियमानुसार चाळिसाव्या हिश्शावर येते, म्हणजे जवळजवळ अख्खी दबून जाते. ती पोकळी भरायला मास्टर सिलिंडरला (पॅडलने चालणाऱ्या मुख्य पंपाला) तितकाच जादा द्रव ढकलावा लागतो. सिलिंडरचा व्यास 19 मिमी असेल तर दट्ट्याचं क्षेत्रफळ होतं 2.8 चौरस सेंमी, म्हणजे त्याला साडेतीन मिमी जास्त सरकावं लागेल. पॅडलची तरफ पाचपट असेल तर पायाखाली हेच अंतर होतं साडेसतरा मिमी! एका चमच्याच्या पाचव्या हिश्शाइतकी हवा, आणि पॅडल पावणेदोन सेंमी खाली. त्यातही हवेचं निम्मं आकसणं दाब नुसता दुप्पट होईपर्यंतच उरकतं, आणि तेवढ्या दाबाने गाडी थांबत नाही. म्हणून सुरुवातीला पाय स्पंजवर पडल्यासारखा वाटतो.

वायू बाहेरूनच शिरतो असंही नाही. ज्याला आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो ते तेल नसून ग्लायकॉल ईथरचं मिश्रण असतं, आणि ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 3 (डब्यावर लिहिलेली द्रवाची प्रत) किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक आहे, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. लांब घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर चाकाजवळचं जुनं द्रव उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल जमिनीला टेकतं. थंड झाल्यावर सगळं पूर्ववत! ‘त्या वळणावर ब्रेक लागतच नाहीत’ या घाटातल्या गोष्टींमागे बहुतेक वेळा हेच असतं. असं वळण उताराच्या शेवटी येतं, जिथे द्रव सर्वांत तापलेलं असतं. बंपरला लिंबू-मिरची बांधून त्याचा उत्कलनबिंदू वाढत नाही. दर दोन वर्षांनी द्रव बदला आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.

आता निदान. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पॅडल मारा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल. मग अर्धा मिनिट एकसारखा दाब धरा. पॅडल लवचीक लागलं तर हवा. पहिल्यांदा खाली गेलं पण दुसऱ्या दाबाला लगेच दगडासारखं घट्ट झालं, तर मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून लांब राहिलेत. हवा काढत बसू नका, शू ॲडजस्ट करा. पाय तसाच असताना पॅडल हळूहळू बुडत गेलं आणि कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबरी कप गेले. नव्या कपांचं किट टाकण्याआधी सिलिंडर आतून पाहा: गंजाचे खड्डे असतील तर नवं किटही टिकणार नाही, सिलिंडरच बदला. गळती शोधताना व्हील सिलिंडरचं (चाकात शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबरी बूट उचलून पाहा. आत ओल दिसली की तेही गेलं. जुने रबरी होजही दाबाखाली फुगतात. तडे गेलेला होज सरळ बदला.

हवा काढायला दोन माणसं, 8 किंवा 10 मिमीचा रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली आणि सीलबंद डब्यातलं एक लिटर द्रव लागतं. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये पाहा. बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात होते. नळीचं टोक बाटलीतल्या द्रवात बुडलेलं हवं. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल (चाकाजवळचा हवा काढायचा पोकळ स्क्रू, नळी यावरच बसते) पाव ते अर्धा फेरा उघडायचं, आणि ते पूर्ण बंद झाल्यावरच पाय उचलायचा. हा क्रम चुकला तर हवा आत ओढली जाते. टाकीतली पातळी खालच्या खुणेखाली गेली तर सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात दट्ट्या सिलिंडरच्या टोकापर्यंत जात नाही, तिथे गंज आणि गाळ साचतो. पॅडल तळाला नेलं की कपाच्या कडा त्यावर फाटतात, आणि हवा काढायला बसलात तर मास्टर सिलिंडरच जातो. दुसरी: चाकं उघडली असतील तर निपल कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) वरच्या बाजूला आहे ना, ते पाहा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन निपल खाली गेलं, तर वर अडकलेली हवा लिटरभर द्रव ओतूनही निघत नाही.

काढलेलं द्रव परत टाकीत ओतू नका. इंजिन ऑइल तर चुकूनही नको, त्याने रबर फुगतं. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. शेवटी पॅडलवर पाय ठेवून इंजिन सुरू करा: पॅडल किंचित खाली जाऊन घट्ट थांबलं की बूस्टर ठीक. मोकळ्या जागी ताशी 20 किमी वेगाने चार-पाच वेळा ब्रेक मारा, आणि खाली उतरून चारही निपल कोरडी आहेत का ते बोटाने पाहा.